आधी मोबाईल डब्यात

"आधी मोबाईल डब्यात!" दार उघडल्या उघडल्या काका म्हणायचे. पिठाचा रिकामा स्टीलचा डबा चपलांच्या स्टँडवर तयारच असायचा. फोन आत गेला, झाकण घट्ट बसलं, की मगच "ये, बस."

तुम्हालाही असा एखादा संशयी शेजारी भेटला असेल. आमचे काका त्यातही अव्वल. चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत उपकरणं तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर तपासायला माणसं उरली. दूधवाला आला की "रुको जी, पहले देखने दो," म्हणत दुधातलं पाणी पकडणारा लॅक्टोमीटर बुडवायचे. दूध चांगलं निघालं तर संशय आणखी वाढायचा.

मी आयटी पार्कात नोकरी करते आणि इथल्या मराठी मंडळाची आठवणींची वेबसाइट सांभाळते. चंदीगडला बदलीवर आलेली, पुढे निघून गेलेली माणसं त्यावर फोटो, व्हिडिओ टाकतात. कुणीही टाकावं, कुणीही खाली लिहावं. मंडळाच्या पहिल्या गणपतीची हकीकत सांगणारे आता एकटे काकाच उरले होते. साइटवर टाकायला मला त्यांचा आवाज हवा होता.

"टाकलंस की पुढे कुठे जातं ते?"

"आपल्याच लोकांत, काका."

"आपल्याच लोकांची तर भीती."

मला वाटायचं, म्हातारा काहीतरी लपवतोय. पहिल्या गणपतीत नक्की काही भानगड झाली असणार. एकदा चिडून तसं विचारलंच. त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मग म्हणाले, "हिचा मंगळागौरीचा व्हिडिओ बघ. तुमच्याच साइटवर आहे."

घरी येऊन शोधला. काकू जाण्याच्या दोन-तीन वर्षं आधीचा. आईकडून शिकलेलं गाणं त्या म्हणताहेत, दुसऱ्या कडव्याला अडतात, इकडेतिकडे बघतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात आणि पुन्हा तिथेच अडतात. वर शीर्षक 'काकूंची फजिती'. खाली नुसते हसणारे चेहरे. काकूंचा आजार तेव्हा सुरू झाला होता, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! शीर्षक मीच दिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्या दिवशी काकांनी म्हणायच्या आत फोन डब्यात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "खाली नाव येतं की तुझं."

म्हणजे इतके महिने ठाऊक असून मला चहा पाजत होते.

"आणि लोकांच्या फोनमधून कसा काढशील?" त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "ती सगळं विसरली गं. तिचं विसरणं तेवढं तुम्ही जपून ठेवलंत."

मग ओट्याकडे तोंड करून, बेसूर आवाजात त्यांनी ते गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्यासकट, पूर्ण. त्यानंतर दर भेटीत म्हणायचे. पहिल्या गणपतीचं मी पुन्हा विचारलं नाही.

या हिवाळ्यात काका गेले. श्रद्धांजलीच्या पानासाठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"तू तर नेहमी जायचीस. एखादं रेकॉर्डिंग असेलच."

"नाही."

"पक्का?" त्यांना संशय आलाच.

"पक्का."

फोन ठेवला आणि गाण्याचं ते दुसरं कडवं मनात म्हणून पाहिलं. तिसऱ्या ओळीवर अडले.