सत्काराची शाल

"ओ बाई, शाल उतरवा! शाल वापस करा!" स्टेजवरून शिपाई माइकमध्येच ओरडला, आणि सभागृहातले पंखे, शपथेवर सांगतो, उलटे फिरायला लागले.

सिमेंट कारखान्यात अप्रेंटिसशिप पुरी केलेल्या आम्हा चाळीस जणांचा गावातर्फे सत्कार होता, आणि सत्कार समितीनं शाल आणली होती एकच. एकाला पांघरायची, फोटो काढायचा, की तीच पुढच्याला. ही रीत सगळ्यांना माहीत होती. आमच्यातल्या एकुलत्या एका वेल्डर पोरीला मात्र नव्हती. "हे लोखंड जाळून तुले भेटन काय?" असं आई वर्षभर विचारायची, तेव्हा "शाल भेटन, तुलेच पांघरीन," असं ती सांगून बसली होती. म्हणून शाल मिळताच ती खाली उतरली आणि पहिल्या एसटीनं जंगलातून आलेल्या आईला तिनं ती सगळ्यांसमोर पांघरली. म्हातारी अशी ताठ बसली की कलेक्टरनंही उठून खुर्ची द्यावी.

पुढचा नंबर माझा होता. मी स्टेजवरून वाघासारखी झेप घेतली आणि म्हातारीच्या खांद्यावरची शाल ओढून घेतली. सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. फोटोत माझे बत्तीसच्या बत्तीस दात दिसतात. पोरगी मान खाली घालून उभी होती.

संध्याकाळी बसस्टँडवर मला राहवलं नाही. मी म्हातारीजवळ जाऊन विचारलं, "बाई, राग आला काय माझा?"

"नाई," ती म्हणाली. "मले गरमच होऊन राह्यलं होतं."