आत्याच्या गळ्यातलं यंत्र आणि सोलापूरची हिवाळी सहल

सोलापूरला फिरायला जाते म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रजा टाकून दाढ काढायला चाललेय. "तिथे आहे काय बघायला?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकंच फिरतं. अहो, हुरडा आहे, शेंगाचटणी आहे, पाण्यातलं देऊळ आहे, आणि मुख्य म्हणजे माझी आत्या आहे. या वेळी खरं कारण तीच होती. वर्षभर तिचा खोकला हटत नव्हता, बाजारातून पिशवी घेऊन येताना धाप लागायची, आणि छातीच्या स्कॅनमध्ये काहीतरी निघालं होतं. मामांचा फोन आला. मामा म्हणजे आत्याचे यजमान, आमच्याकडे त्यांना मामाच म्हणतात. ते एवढंच म्हणाले की पोरी, चार दिवस येऊन जा, डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते आम्हाला उमगत नाही. मी बँकेत नोकरी करते, वैद्यकातलं मला शष्प कळत नाही, पण घरातले इंग्रजी कागद वाचायचं काम पहिल्यापासून माझ्याच गळ्यात आहे.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी सांगते. रेल्वे स्वस्त आणि सुटसुटीत, पण आरक्षण आधी करा, नाहीतर दारात उभं राहून जावं लागेल. मी मुद्दाम एसटीने गेले, कारण मला वाटेत उजनीचं पाणी बघायचं असतं. रस्ता झकास आहे. फक्त हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांपासून सांभाळा; त्यांच्या मागे दिवा नसतो आणि ट्रॅक्टरवाल्याच्या कानात गाणं असतं. गाडी स्वतःची असेल तर भिगवणला थांबून मासे खा, दोनशे-अडीचशेत पोट तुडुंब होतं. एसटीवाल्यांच्या नशिबी टेंभुर्णीच्या अलीकडचा एक ढाबा आणि तिथला उकळून उकळून काळा झालेला चहा. मी दोन कप प्यायले आणि वर ड्रायव्हरशी भांडले, कारण त्याने मला न घेताच गाडी सुरू केली होती.

आत्याचं घर शहराच्या पूर्वेला, यंत्रमागांच्या वस्तीत. गल्लीत शिरलं की खटखट कानात बसते ती परत निघेपर्यंत. शेजारीपाजारी तेलुगू बोलतात, आत्या त्यांच्याशी मराठीत बोलते आणि दोन्हीकडचं दोघांनाही समजतं. आत्या-मामा मूळचे सांगोल्याकडचे. कोरड्या सालांना कंटाळून शेरडं विकून इथे आले आणि मामा एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला लागले, ते अजून तिथेच आहेत.

दार उघडलं आत्यानेच. आणि तिच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या बरोबर खाली, साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी लोंबत होती. डबीला ठसठशीत हळदीकुंकू लावलेलं. वर झेंडूची एक पाकळीसुद्धा चिकटलेली.

मी विचारलं, हे काय नवीन देवस्थान. तर कळलं की ते दवाखान्याचं यंत्र आहे. शहरातल्या एका इस्पितळात फुफ्फुसांच्या आजारावर अभ्यास चालू आहे. पेशंटची छाती स्कॅन करायची आणि तो दिवसभर कसली हवा ओढतो तेही मोजायचं, म्हणजे आजार कुठून आला ते शोधता येतं. डबीत एक बारीक पंखा असतो, तो हवा आत घेतो आणि त्यातली धूळ, धूर मिनिटामिनिटाला नोंदवतो. आत्याच्या गळ्यात आदल्या दिवशी सकाळी ती घातली होती. नवं यंत्र घरात आलं आणि हळदीकुंकू लागलं नाही, असं आमच्या घराण्यात झालेलं नाही. मामांच्या मोटारसायकलला लागलं, मिक्सरला लागलं, मग डबीनं काय घोडं मारलं होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं इस्पितळात गेलो. रिक्षाने जा, पण भाडं आधी ठरवा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, लातूरकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी डबी हातात घेतली, उलटी केली, एका छोट्या स्क्रूड्रायव्हरने उघडली आणि आतला पांढरा गाळणीचा तुकडा चिमट्याने वर धरला. तो पिवळाधमक होता, मध्ये कुंकवाचा टिळा. बाई आधी गंभीर राहिल्या, मग ओठ दाबले, आणि मग टेबलावर डोकं ठेवून हसत सुटल्या. आमच्या अभ्यासात हळद पहिल्यांदाच सापडली, म्हणाल्या. आत्याला वाटलं आपलं कौतुक चाललंय, तीही हसली.

पण मग बाईंनी पडद्यावर स्कॅन लावला आणि माझं हसू आटलं. ब्रेडचे काप करावेत तसे छातीचे काप एकामागून एक सरकत होते. निरोगी फुफ्फुस त्यात काळंभोर दिसतं. आत्याचं ठिकठिकाणी पांढुरकं होतं, थंडीत खिडकीच्या काचेवर वाफ धरते ना, तसं. बाईंनी सरळ सांगितलं. ही सूज आहे. पण सूज कशाने आली, ते चित्र सांगत नाही. एक तर शरीरच स्वतःवर उलटलंय. तसं असेल तर नळी घालून फुफ्फुसाचा तुकडा तपासायचा आणि मग वर्षानुवर्षं जड औषधं. नाहीतर श्वासातून रोज काहीतरी आत जातंय, आणि त्याने आतलं अस्तर चिडलंय. ते सापडलं आणि वेळेत थांबवलं, तर बरीचशी सूज ओसरू शकते. म्हणून ती डबी महत्त्वाची. आणि डबीत तर हळद.

बाईंनी हेही सांगितलं की हळदीने तोंड पुरतं बुजायच्या आधी, काल सकाळपर्यंतची नोंद झालीय, आणि त्यात आत्याच्या घरातली हवा चकाचक आहे. धूर नाही, काही नाही. म्हणजे मग दुसरी शक्यता मागे पडते. नळीची तारीख ठरवू या का?

आत्याने माझा हात घट्ट धरला. ती कशाला भीत नाही, तिने लांडग्याच्या तोंडातून कोकरू ओढून काढलेलं मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण बाईंनी मागच्या भेटीतच त्या नळीचं सुचवलं होतं, आणि तेव्हापासून तिचं नाव काढलं की आत्याचा चेहरा उतरायचा. आदल्या संध्याकाळी मला म्हणाली होती की तुकडा काढायचा असंल तर मी गावाकडं जाऊन पडते, तितंच जे व्हायचं ते हुईल. मला भयंकर भीती वाटली. आत्या गावी जाऊन पडली तर ती परत यायची नाही, हे मला कळत होतं.

मग मीच बाईंना विचारलं की यंत्र परत एकदा लावता येईल का, हळदीशिवाय. त्या तयार झाल्या. आणि डबी गळ्यात अडकवताना त्यांनी आत्याला सहज विचारलं, "काकू, काल तुम्ही रोजच्यासारखंच सगळं केलंत ना?"

आत्या जरा बावरली. "न्हाय की. डाक्टरांचं यंत्र घरात आल्यालं. पाव्हणं आल्यावर आपन झाडलोट करत न्हाय व्हय? काल समदं ग्यासवर केलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे पाहिलं. स्वयंपाक तर कायम गॅसवरच असतो. मग सगळं म्हणजे काय? पण बाई हुशार, त्यांनी पुढे काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की काकू, या पाव्हण्याला घरचा समजा, उद्या रोज जसं करता तस्संच करा.

डबी आपलं काम करत होती तोवर मी माझं केलं. आत्याला घेऊन नवी पेठेत नाही गेले, तिला गर्दीत दम लागतो. एकटीच गेले. चादरी घ्यायच्या तर घडी पूर्ण उलगडायला लावा, दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्या. मी दोन घेतल्या आणि तिसरीवरून इतकी घासाघीस केली की त्याने चहा मागवला. दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. ही भाकरी मोडताना आवाज झाला नाही तर पैसे देऊ नका. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसले, पाण्यात देवळाचे दिवे हलत होते, आणि मी एरवी कुठल्या देवाकडे काही मागत नाही, पण त्या दिवशी मागितलं.

डबी परत दिली आणि बाईंनी संगणकावर आलेख उघडला. रात्रभर सपाट रेघ. दिवसभर मागांची जरा धूळ, ती थोडीफार सगळ्या गल्लीतच. आणि सकाळी, उजाडायच्या सुमारास, रेघ सरळ उभी चढली होती, पडद्याच्या वरपर्यंत.

"काकू, या वेळेला काय करत होता?"

"पानी तापिवत व्हते. आंगूळीचं."

"कशावर?"

"बंबावर की. रोजच तापिवते."

घरामागे पत्र्याच्या आडोशाला तांब्याचा बंब आहे. मी त्याच पाण्याने दोन दिवस आंघोळ करत होते आणि असं पाणी पुण्यात मिळत नाही म्हणून वाखाणत होते. बाईंनी विचारलं, जाळता काय? आत्या म्हणाली, काटक्या, शेंगांची टरफलं. आणि मग ती थांबली, कारण मामांनी मान खाली घातली होती.

टॉवेलच्या काठाच्या चिंध्या. कारखान्यात ढिगाने निघतात, रंगवलेल्या, त्यात प्लास्टिकचा धागा. फेकूनच द्यायच्या, म्हणून मामा संध्याकाळी पिशवी भरून घरी आणत. झटकन पेटतात, रॉकेल लागत नाही. त्यांच्या गल्लीत बरेच जण तेच जाळतात. आत्या रोज पहाटे त्या बंबासमोर उकिडवी बसून फुंकणीने फुंकत होती. हिवाळा, पावसाळा, कित्येक वर्षं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं की लाकडाचा धूर वाईटच, पण रंग आणि प्लास्टिक जळालं की जे कण उडतात ते इतके बारीक असतात की नाक त्यांना अडवूच शकत नाही. ते थेट तळापर्यंत जाऊन बसतात. शरीर त्यांच्याशी भांडत राहतं, आणि ते भांडण म्हणजेच स्कॅनमधला तो पांढुरका भाग. नक्की सांगायला वेळ लागेल, पण नळी सध्या थांबवू. बंब बंद, गोळ्या थोडे दिवस, आणि काही महिन्यांनी परत चित्र.

बाहेर आल्यावर मामा पायरीवरच बसले. "मीच आनत व्हतो की पिशवी भरून," म्हणाले. आत्याने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली की उठा, भूक लागलीया. आम्ही शेजारच्या हॉटेलात तिघांत पाच प्लेट भजी खाल्ली.

शेवटच्या दिवशी वैरागजवळ मामांच्या भाच्याच्या शेतात हुरडा होता. जाणार असाल तर ओळखीने जा. विकतचा हुरडाही बरा असतो, पण तो आपल्यासाठी कुणी चोळत नाही. कणसं भाजायच्या आगटीचा धूर नको म्हणून मी आत्याला वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब बाभळीखाली खाटेवर बसवलं. ती चिडली. मग मामांनी गरम कणसं हातावर चोळून वाटीतून तिच्यापर्यंत न्यायला सुरुवात केली. येताजाता त्यांची चांगली दमछाक झाली, आणि आत्या खाटेवरून ओरडून चटणी कमी पडल्याचं सांगत राहिली. एवढी मजा मला कुठल्या थंड हवेच्या ठिकाणी आलेली नाही.

परत आले. चादरी मऊ आहेत, चटणी पंधरा दिवसांत संपली. मामांनी हप्त्यावर पाण्याचा हीटर बसवला आणि गल्लीत दारोदार फिरून चिंध्यांचं सांगितलं. निम्म्यांनी ऐकलं, निम्मे म्हणाले बघू.

उन्हाळ्याच्या तोंडाला दुसरा स्कॅन झाला. काचेवरची वाफ बरीचशी निवळली होती. तळाशी मात्र थोडी जाळी धरलीय, जुन्या जखमेच्या व्रणासारखी, ती आता जायची नाही. बाईंनी हे फोनवर मला सांगितलं आणि मी आत्याला सांगितलं, जमेल तितकं हळू. आत्या खूश होती, खोकला गेलाय, बाजारातून पिशवी घेऊन न थांबता येते. तरी मला राहवेना, मी विचारलंच की उरलंय त्याचं वाईट वाटतं का गं.

ती म्हणाली,

"ह्यांचं पानी तापलं, पोरांचं तापलं, पाव्हण्यांचं तापलं. बंबाम्होरं बसून मीबी श्वास घेत व्हते, ते कुनाच्याच ध्यानात आलं न्हाय बग. माज्याबी न्हाय."