माईंच्या हातासाठी यंत्र

घरगुती कार्यशाळेत धातुकामासाठी बेल्ट सँडर, म्हणजे काचकागदासारखा खरखरीत पट्टा फिरवणारे यंत्र, घ्यायचे, तर सर्वप्रथम काय पाहावे? मोटारीची ताकद, असे बहुतेकांचे उत्तर असते. माझे शेजारी नाना यांचे उत्तर निराळे होते, आणि ते मला त्यांच्या एका विलक्षण सवयीतून कळले. दुकानात यंत्र समोर आले की नाना मोटारीकडे पाहतही नसत. ते उजव्या हाताची बोटे मुडपून घेत आणि पट्टा बदलताना तो सैल करणारी दांडी केवळ तळव्याच्या कडेने रेटून पाहत. दांडी जागची हलली नाही, तर म्हणत, "चला बाई, हे आपलं नव्हे."

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून ते मला बाई म्हणत. यंत्राची माहितीपत्रके वाचून दाखवायला ते मला सोबत नेत. ते स्वतः नाशकातल्या सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. मखमलाबादच्या बाजूला त्यांच्या घरामागे गुलाबाचा मळा होता, आणि तो सर्वस्वी त्यांच्या पत्नीचा, माईंचा होता. हिवाळ्यात पहाटे गंगेकडून, म्हणजे आमच्या गोदावरीकडून, धुके येई. त्या धुक्यात माई दिसत नसत; फक्त कात्रीचा आवाज एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना ऐकू येई.

पुढे संधिवाताने माईंची बोटे आखडली. बोथट कात्री त्यांना दाबवेना. धार अगदी ताजी असली, तर मात्र हाताच्या नुसत्या वजनानेही देठ तुटे. म्हणून नाना दर दोन-चार दिवसांनी सहाणेवर कात्री परजून देत. मग एका वर्षी नानांच्या हृदयाने दगा दिला. दवाखान्यातून परतल्यावर त्यांनी पथ्यपाण्याबद्दल काही विचारले नाही. आपल्यामागे कात्रीला धार कोण लावणार, एवढीच त्यांना चिंता होती. धार गेली की माईंचा हात थांबणार, आणि मुले मळा दुसऱ्याला कसायला देऊन माईंना पुण्याला नेणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. म्हणून माईंना एकटीने चालवता येईल असे यंत्र त्यांना हवे होते. ती मुडपलेली बोटे माईंची होती.

सहाणेवर पाते घट्ट धरावे लागते. ते माईंना शक्य नव्हते. धार लावायचे एमरीचे चाक इतके वेगाने फिरते की पातळ पाते क्षणात तापून निळे पडते. "निळी धार म्हणजे मेलेली धार," असे नाना म्हणत. पट्टा संथ फिरवला तर पाते थंड राहते. म्हणून वेग कमी करता येईल अशी पुली ते शोधत. पट्ट्याचे मापही विचारत, कारण जो पट्टा नाशकात मिळत नाही, त्याचे यंत्र त्यांच्या मते शोभेचे. त्यावर लाकूड घासायचे नाही, असेही त्यांनी आधीच ठरवले होते. लाकडाचा भुसा साचलेला असताना लोखंडाची ठिणगी पडली, तर शेड पेटायला वेळ लागत नाही.

हा शोध दोन हिवाळे चालला. एका दुकानदाराने विचारले, "नाना, मशीन घ्यायचंय की मुलीला स्थळ बघताय?" माईंचे म्हणणे त्याहून बोचरे होते. मला बघायला आले तेव्हा चहा निवायच्या आत हो म्हणाले, असे त्या मला सांगत, आणि ते नानांना ऐकू जाईल अशा बेताने सांगत.

अखेर एक साधे, कमी ताकदीचे यंत्र मिळाले. त्याची दांडी तळव्याने सहज रेटली गेली. नानांनी ते शेडमध्ये बसवले, पदर अडकू नये म्हणून फिरत्या भागांवर पत्र्याचे झाकण केले आणि माईंना हाक मारली.

माई दारातच थांबल्या. "मला नाय जमायचं. तुमी हाय ना."

"आहे तोवरच शिकवता येईल," नाना म्हणाले.

माईंनी पदर खोचला. त्या सकाळी शेडमध्ये घासल्या लोखंडाचा आणि टोपल्यांतल्या गुलाबांचा वास एकमेकांत मिसळला होता. पट्टा एखाद्या भुंग्यासारखा गुणगुणत होता, आणि कवडशात पोलादाची बारीक धूळ तरंगत होती. पट्ट्यामागच्या लोखंडी पाटीवर पाते कसे टेकवायचे, हे नाना दाखवत होते. दोघांचे हात एकाच कात्रीवर होते. ते दृश्य मला आजही स्वप्नात पाहिल्यासारखे आठवते.

नाना त्यानंतर काही वर्षांनी गेले. दिवसकार्य आटोपले, माणसे पांगली, आणि एका पहाटे कुंपणापलीकडून ती गुणगुण पुन्हा ऐकू आली. मी गेले. माई यंत्रापाशी उभ्या होत्या; पण पाते पाटीवर टेकवलेले नव्हते. पाटीच्या वर पट्टा मोकळा असतो, तिथे त्यांनी ते अलगद धरले होते. नानांनी पाटीवर धरायला शिकवले होते, याची मी त्यांना आठवण दिली.

"पाटीवर दाबायला लागतं, बाई. माझ्या हाताला जोर नाय. हितं पट्टाच जरा मागं सरतो. धारबी लय दिस टिकते."

हे नानांना माहीत होते का, असे मी विचारले.

माईंनी यंत्र बंद केले. "सांगितलं की. लय हसले. म्हणाले, माझी चूक काढलीस, आता मला घोर नाही."

मग टोपली उचलून त्या धुक्यात शिरल्या.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: यंत्र ज्याला चालवायचे आहे, त्याचा हात आधी पाहावा, वेग, पट्टा, मोटार हे सारे त्यानंतर. पण जिथे नानांचेही पुरते बरोबर ठरले नाही, तिथे माझ्या शब्दावर कोणी विसंबू नये. वाचकांनी दुकानात यंत्र चालू करायला लावावे आणि हे स्वतः पडताळून पाहावे.