पडद्याचा पंचनामा

वन खात्यातल्या माणसाला काही विचित्र दिसलं की तो आधी पंचनामा करतो. तोडलेल्या सागाचं थुट असो, बेवारस बैलगाडी असो, नाहीतर नाल्यात सापडलेलं शिंग. नागपूरला तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून मी गडचिरोलीच्या वन कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, तेव्हा या सवयीला मी मनातल्या मनात हसायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि तीन महिन्यांच्या कोर्सवर माणसाला फार शहाणपण चढायचं.

एके दिवशी वरच्या कार्यालयातून एक फ्लॉपी आली. रोजंदारीवरून कायम करायच्या चौकीदारांची यादी आत आहे, ती छापून, साहेबांची सही घेऊन चार दिवसांत परत पाठवा, तिच्यावरूनच हुकूम निघतील, असं सोबतचं पत्र सांगत होतं. आमच्या लाकूड डेपोचा चौकीदार सकाळपासून खिडकीशी उभा होता. अठरा वर्षं रोजंदारीत गेलेली, आणि वयाची अट याच वर्षी आडवी येणार होती. त्याच्यासाठी पुढची यादी नव्हती.

"भाऊ, पाहून सांग ना, मायं नाव हाये का नाई?"

फ्लॉपीत एकच फाइल होती. तिच्या नावातल्या टिंबापुढची तीन अक्षरं मी कोर्समध्ये कधी पाहिली नव्हती, त्यामुळे ती कुठल्या प्रोग्रामने उघडायची तेच कळेना. पत्रं लिहायच्या प्रोग्रामने हात टेकले. शेवटी आत जे असेल ते सरळ हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर ओतायचा हुकूम मी मशीनला दिला. पहिलंच चिन्ह उमटलं ते बदाम, पत्त्यातलं. मग हसरी तोंडं, मग इस्पिक, किलवर, आणि मधूनमधून मशीन पीं पीं करत होतं. नेमके तेव्हाच साहेब मागे येऊन उभे राहिले.

"सरकारी यंत्रात पत्ते?"

"नाही साहेब, ही फाइल..."

"पंचनामा करा."

आमचे हेडक्लार्क बडे बाबू कागद घेऊन पडद्यासमोर बसले. पंच म्हणून बाहेरचे चहावाले चाचा आले, आणि दुसरा अर्थातच चौकीदार. हाताशी असायचा म्हणून अठरा वर्षं प्रत्येक पंचनाम्यात तोच पंच. बाबूंनी लिहायला घेतलं: "पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बदाम नग एक, रंग हिरवा. लगत हसरे तोंड नग दोन, कोणास हसत आहेत याचा बोध होत नाही."

"बदाम लाल रायते बाबू," चाचा म्हणाले, "हिरवा कुठी पाह्यला?" ही हरकतही नोंदवली गेली.

खाली इंग्रजी अक्षरांतली नावं एकमेकांना चिकटून आली होती. बाबू एकेक अक्षर उतरवत होते. मध्येच ते थांबले.

"अबे, हे तर तुयं नाव हाये!"

चौकीदार खुर्चीला धरून उभा राहिला. बाकी कुणाच्या नावापुढे नव्हती अशी एक चांदणी त्याच्या नावापुढे होती.

"हे चांदणी काऊन हाये, बाबू?"

"खास असन तू," बाबू म्हणाले. साहेबांपासून पंचांपर्यंत चौघांच्या सह्या झाल्या.

दुपारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नावांच्या वर रकान्यांची शीर्षकं होती, म्हणजे फाइल याद्यांच्या प्रोग्रामची होती. वरच्या कुणीतरी तिच्या नावाला भलतंच शेपूट लावलं होतं. मी ती तीन अक्षरं बदलली, आणि यादी सुतासारखी सरळ उघडली. फार अभिमान वाटला. प्रिंटरने करकर करत कागद बाहेर टाकला. त्यात चौकीदाराचं नाव नव्हतं.

तीनदा वाचलं. अकरा नंबरनंतर थेट तेरा. मग कोर्सच्या मास्तरांचं बोलणं आठवलं. हा प्रोग्राम खोडलेलं नाव पुसत नाही. त्याच्यापुढे चांदणी लावतो आणि यादीत दाखवत नाही. वर कुणीतरी त्याला खोडलं होतं. का, ते मला आजही माहीत नाही.

मी दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला.

"पंचनाम्यावर सह्या किती?"

"चार."

"आणि तुमच्या या यादीवर?"

"एकही नाही, साहेब."

"मग यादी चुकली. पंचनाम्याशी जुळवून आणा."

इतका वेडा आणि इतका गोड हुकूम मला नोकरीत पुन्हा मिळाला नाही. खोडलेलं परत आणायला मशीनला एकच शब्द पुरतो. मी तो टाइप केला. चांदणी गेली, बारा नंबर उगवला, साहेबांनी सही केली. पावसाळ्याआधी चौकीदार कायम झाला. ती चांदणी म्हणजे काय, हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

वर्षभराने तो मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला, आरमोरीला छापलेली. घरातल्या सगळ्यांची नावं होती, आणि फक्त त्याच्या नावापुढे एक ठसठशीत चांदणी.

"प्रेसवाला म्हणे, हे कशाले पाह्यजे? मी म्हटलं, सरकारनंच लावून देल्ली हाये."

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी पत्रिका पुन्हा एकदा वाचली.

"छान दिसते, भाऊ," मी म्हटलं.