ढवळेताईंची बोथट पेन्सिल

ढवळेताईंच्या कानावर कायम एक बोथट पेन्सिल असे. लष्करी आघाडीतल्या देशांचे मंत्री बैठक संपवून गेले, की ताई टेबलावरचा एकेक कोरा पॅड घेत आणि पेन्सिल आडवी धरून वरच्या पानावर घासत. लिहिलेलं पान फाडून नेलं, तरी खालच्या पानावर अक्षरांचा दाब राहतो. तो उमटला, की पॅड थेट श्रेडरमध्ये.

आमची कोलोनची कंपनी अशा बैठकांसाठी माईक आणि दुभाष्यांच्या केबिन लावून देई. ताई आमच्याच कंपनीत, सभागृहाच्या तपासणीवर; मूळच्या नागपूरच्या, जर्मनीत तीस वर्षं. पहिल्या दिवशी मी आनंदानं म्हणालो, "जय भीम, ताई."

"जय भीम. खिसे उलटे कर."

"आपल्या माणसावरही संशय?"

"गेनाऊ! अगदी बरोबर. विश्वास घरी ठेवाचा, बाप्पा. इथं फक्त तपासणी."

ताई फुलदाण्यांत हात घालून बघत, खुर्च्या उलट्या करून बघत. कॉफी आणणाऱ्याला रोज नाव विचारत. तो वैतागून म्हणे, "कालच सांगितलं ना?" त्यावर ताई म्हणत, "आज तेच निघते का, ते पाहाचं आहे."

रशियानं क्रिमिया घेतल्याचं प्रकरण ताजं असताना झालेल्या एका बैठकीनंतर माझ्या हातून चूक झाली. मी घरातला पहिला पदवीधर. रिसोडच्या काळे गुरुजींनी शेवटच्या दिवशी फॉर्म भरून दिला नसता, तर इंजिनिअरिंगला गेलोच नसतो. त्यांना दाखवावा म्हणून आघाडीचं चिन्ह छापलेला एक पॅड मी केबलच्या पिशवीत टाकला.

दारापाशी ताईंनी पिशवी उघडली. "हे काय?"

"कोरा आहे, ताई. आमच्या गुरुजींसाठी."

त्यांनी पेन्सिल घासली. काळेपणातून दोन पांढऱ्या ओळी वर आल्या. मी वाकलो.

"वाचू नको!" त्यांनी पॅड छातीशी धरला. "वाचलं, त सुटशील कसा?"

नोकरी गेली की व्हिसा गेला. तेवढ्यात सुरक्षा अधिकारी आला. ताई त्याला शांतपणे जर्मनमध्ये म्हणाल्या, "हा पॅड तपासायचा माझ्याकडून राहिला. चूक माझी."

त्यानं त्यांचा पास तिथंच काढून घेतला. निवृत्त होईपर्यंत ताई गोदामात केबल गुंडाळत राहिल्या. सभागृहात पुन्हा आल्या नाहीत. त्या दिवशी सभागृहातून जाताना त्यांनी पेन्सिल माझ्या कानावर अडकवली आणि गुरुजींचा पत्ता मागून घेतला.

"ताई, तुमचा तर माझ्यावर विश्वास नव्हता," मी म्हणालो.

"अजूनही नाही. पण मास्तरसाठी पॅड चोरते, तो हेर कायचा? चल, खिसे दाखव अन् जा."

महिन्याभरानं गुरुजींचा फोन आला. "वही मिळाली रे. दुकानातली साधीच आहे, पण कागद छान. फक्त पहिलं पान कुणीतरी पेन्सिलीनं काळं केलंय. पोस्टात कुणाचा उद्योग?"

"पोस्टात नाही, आमच्या ताईंचा. त्यात काही उमटलंय का, गुरुजी?"

त्यांनी पान उजेडाशी धरल्याची खसखस ऐकू आली. "नाही. काहीच नाही."

"मग खुशाल लिहा."