विचारे सर

आमच्या मुख्याध्यापकांचं आडनाव विचारे नव्हतं. हुडकेश्वरच्या त्या शाळेत रुजू होऊन महिना झाला तरी मला हे ठाऊक नव्हतं. सर प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला विचारत, म्हणून स्टाफरूमनं ठेवलेलं ते नाव. स्नेहसंमेलनाच्या पत्रिका छापायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ठळक अक्षरांत तेच छापून आणलं. सरांनी चष्मा वर सरकवून पत्रिका वाचली. "राहू द्या मॅडम. बारसं सगळ्यांनी मिळून केलेलं दिसते."

खडूंपासून सहलीपर्यंत त्यांचा एकच प्रश्न असे, "तुमचा विचार काय?" आणि विचार सांगितला की तो सांगणाऱ्याच्याच गळ्यात पडे. पालकसभा कंटाळवाणी होते, असं चित्रकलेचे सर एकदा बोलून गेले. पुढची सभा त्यांच्याकडे आली. "घ्या तुमच्या पद्धतीनं. मी खुर्च्या लावतो." आणि सरांनी खरंच लावल्या. संस्थेचे अध्यक्ष एकदा भडकले, "शाळा नेमकी चालवतं कोण?" सर शांतपणे म्हणाले, "मलेही कधी कधी समजत नाही, साहेब. पण चालून राहिली."

त्यांच्या आधी या शाळेत शिक्षक टिकत नसत. दिवाळीला गावी गेलेला माणूस परतेलच याची खात्री नसे. मीही त्याच वाटेवर होते. हिंगण्याकडच्या एका शाळेनं मला बोलावलं होतं. जाते म्हणून सांगायला मी सरांकडे गेले.

"हे मी एकटा कसं ठरवू?" म्हणत त्यांनी मला थेट स्टाफरूममध्ये नेलं. "मॅडम जाऊन राहिल्या. तुमचा विचार काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गणिताच्या मॅडमनी डबा बाजूला सारला. "काहून जाऊन राहिली वं?"

मी कमी बोलणारी, पण त्या दिवशी बोलले. शनिवारचा वाचनाचा तास मी हट्टानं मागून घेतला होता आणि दर शनिवारी तो कुणी ना कुणी पळवत होतं. कधी गणिताची उजळणी, कधी कवायत आणि बहुतेक वेळा सरांच्याच सूचना.

"मग नाही म्हणायचं ना! तू देते, म्हणून आम्ही घेतो," गणिताच्या मॅडम म्हणाल्या.

"सरांनाही नाही म्हणू?"

सगळे सरांकडे बघू लागले. "मले काहून पाहता? तास त्यांचा," सर म्हणाले.

ठरलं. वाचनाचा तास माझ्या परवानगीशिवाय कुणी घ्यायचा नाही. असल्या ठरावांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून हिंगण्याला मी फक्त थोडी थांबते एवढंच कळवलं.

पुढच्याच शनिवारी सर अध्यक्षांना घेऊन वर्गाच्या दारात उभे. "मॅडम, साहेब मुलांशी दोन शब्द बोलतो म्हणतात."

मुलं पुस्तकं मिटू लागली. मी हातानंच त्यांना थांबवलं. "सर, वाचन चालू आहे. तास संपल्यावर बोलता येईल."

अध्यक्षांच्या भुवया कपाळात गेल्या. सर मात्र असे खुलले, जणू मी त्यांना पेढा दिला. "मग आम्ही बसून वाचलं तर जमते?"

दोघं शेवटच्या बाकात कसेबसे मावले. अध्यक्षांच्या वाट्याला राक्षसाची गोष्ट आली. घंटा झाली तरी ते उठेनात. भाषण राहूनच गेलं.

हिंगण्याला मी येत नाही म्हणून कळवलं.

सर निवृत्त झाले, आणि या हिवाळ्यात गेले. आम्ही सगळे सरांच्या घरी काकूंना भेटायला गेलो. गणिताच्या मॅडमनी, सर सगळ्यांना कसे विचारत ते सांगितलं. काकू बघतच राहिल्या. "घरी तर कधी विचारलं नाही! भाजी कोणती करायची, तेही तेच सांगत." आम्हाला हसू आवरेना. काकूही हसल्या.

मग पदरानं डोळे टिपत त्यांनी एकेकाला विचारलं, "तुम्ही आता कोणत्या शाळेत?"

"तिथेच, काकू."

"आणि तुम्ही?"

"मी पण तिथेच."

"म्हणजे तेव्हाचे सगळे आहेत?"

"सगळे! कुणीच नाही गेलं, काकू," गणिताच्या मॅडम ठसक्यात बोलून गेल्या, आणि मग आम्ही सगळेच खाली बघू लागलो.