खेकड्यांच्या लेखातलं मूल

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जव्हारला शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं लेखन शिबिर होतं. शहरातून आलेले सर म्हणाले, चांगल्या लेखांचं पुस्तक छापू. मी चौथी शिकलेली, पण आपलं लिहिलेलं पुस्तकात यावं असं मलाही वाटत होतं. तरी त्या माणसावर माझा भरवसा नव्हता. आमच्याकडे पाड्यापाड्यांवर कुपोषणाने मुलं दगावली तेव्हाही असेच लोक वह्या घेऊन आले होते, आणि लिहून झाल्यावर पुन्हा दिसले नाहीत.

नणंदेने मला ओढ्यात खेकडे धरायला कसं शिकवलं, ते मी लिहिलं होतं. सरांनी वाचून विचारलं, "आजी, यात भूक कुठे आहे?"

"भूक होती म्हणून तर ओढ्यात उतरलो. हौसेने कोण बोटं चावून घेतं?"

शिबिरातल्या बाया हसल्या. सर हसले नाहीत. "शेवटी घरातलं लहान मूल जातं असं करा. मग नक्की छापता येईल."

"आमच्या घरातलं एकही मूल गेलं नाही. कोणाचं घालू?"

"अहो, कल्पनेतलं."

पाड्यावर सगळ्यांना सगळ्यांची मुलं माहीत असतात. असं छापून आलं असतं तर नणंदेनेच दारात येऊन विचारलं असतं, हे कोणतं मूल? मी वही परत मागितली.

"राहू द्या इथेच, विचार करा," सर म्हणाले.

ठेवली असती तर मूल त्यांनीच घातलं असतं. वही हातात मिळेपर्यंत मी टेबलापाशी उभी राहिले.